टेक्ससच्या उन्हात मारलेलं हरीण घरापर्यंत चांगलं कसं आणायचं

डॅलसला राहणाऱ्या एका भावाने विचारलंय ते थोडक्यात असं: हंटर एज्युकेशनचा कोर्स झालाय, लायसन्स निघालंय, नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी सीझन उघडला की मित्राच्या रांचवर लानोकडे पहिल्यांदाच व्हाइटटेल हरणाच्या शिकारीला जाणार, दुपारी तिकडं ८० फॅरनहाइटच्या वर पारा जातो, रांचवरून घर चार तास, तर मांस खराब न होता आणायचं कसं. आणि जोडीला अजून एक, मागच्या वर्षी मित्राने दिलेल्या हरणाच्या मटणाला इतका उग्र वास होता की बायकोने पातेलं उचलून पॅटिओवर नेऊन ठेवलं, हा वास हरणाचाच असतो का.

वास बहुतेक वेळा हरणाच्या मांसाचा नसतो, उशिराचा किंवा न काढलेल्या चरबीचा असतो. त्यावर शेवटी येतो.

मी मूळचा कराडचा, आता ऑस्टिनजवळ, इथे पंधरा सीझन झालेत, वर्षाला दोन हरणं आणि अधनंमधनं रानडुक्कर, घरातला मटणाचा खर्च जवळपास बंदच आहे. आधीच सांगतो, हे सगळं इथल्या कायद्यातलं बोलतोय, गावाकडच्या चुलतभावाला फॉरवर्ड करू नका, भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली शिकार गुन्हा आहे आणि ते मांस घरात सापडलं तरी जेलची हवा खायला लागते.

आता मुद्दा. आपण मराठी लोक मटणाच्या बाबतीत दोन गोष्टी आईच्या दुधाबरोबर शिकलेलो असतो, एक म्हणजे मटण ताजं म्हणजे आजच कापलेलं आणि आजच चुलीवर गेलेलं, आणि दुसरी म्हणजे मटण आणलं की तीन पाण्यांनी धुवायचं. या दोन्ही सवयी इथे उलट्या पडतात. गावातल्या खाटकाकडे ते चालतं कारण तो बोकड कापल्या कापल्या पाच-दहा मिनिटांत कातडं काढतो, कोठा बाहेर, तुकडे हातात, आणि दोन तासांत ते पातेल्यात उकळत असतं, म्हणजे जंतूंना वाढायला वेळच मिळत नाही. हरीण मात्र रानात पडतं, अंगातली उष्णता ३८-३९ डिग्री सेल्सिअस, वरून हिवाळ्याचे जाड केस जे आतून पोकळ असतात, म्हणजे साक्षात रजई पांघरून झोपलेलं, आणि पोटात गवताचा आंबत असलेला कोठा. बाहेर थंडी असली तरी आत भट्टी चालू असते.

माझं पहिलं हरीण मी असंच घालवलं. संध्याकाळी साडेपाचला पडलं, फोटो काढले, मग अजून फोटो काढले, पिकअपमधे टाकून कॅम्पवर आणलं, कोठा काढला तोवर साडेसात, आणि कॅम्पवरचा एकजण म्हणाला रात्री गारठा पडतो, झाडाला टांगून ठेव कातड्यासकट, सकाळी बघू. गारठा कसला, ६२-६३ फॅरनहाइट होतं रात्रभर. सकाळी दहाला कातडं काढलं तर वरून मांस एकदम छान, लाल, कोरडं, मी खूश. मग मागचा फरा सोडवायला खुब्याच्या सांध्यात सुरी घातली, गोळा वाटीतून निघाला आणि जो वास आला ना, ताक चार दिवस विसरल्यासारखा आंबूस, आणि हाडाला लागून असलेलं मांस हिरवट-करडं. दुसरा फराही तसाच. सगळ्यात जास्त मांस जिथं असतं तिथंच सगळं गेलं. कारण साधं आहे, सगळ्यात जाड भाग तोच, थंडी तिथं शेवटी पोचते, आणि सडायला सुरुवात आतून हाडापाशी होते, बाहेरून काही कळतच नाही. तेव्हापासून मी वरून मांस कसं दिसतं यावर विश्वास ठेवत नाही, मांडीच्या हाडापर्यंत थर्मामीटरची सळई घालून बघतो.

म्हणजे काम काय, तर ते हाडापाशीचं तापमान ४ डिग्री सेल्सिअस म्हणजे ४० फॅरनहाइटच्या खाली आणायचं, जितक्या लवकर जमेल तितकं. ४ ते ६० डिग्री हा जंतूंचा आवडता पट्टा. इथलं शेती खातं घरच्या अन्नासाठी सांगतं की बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नका, ९० फॅरनहाइटच्या वर असेल तर एकच तास. अख्खं हरीण दोन तासांत गार होणार नाही हे उघड आहे, पण घड्याळ गोळी लागल्या क्षणापासून चालू झालंय हे डोक्यात पाहिजे.

गोळीपासूनच सुरू करू. छातीत, खांद्याच्या जरा मागे लागली तर अर्धं काम झालं. पोटात लागली तर कोठा फुटतो आणि ते हिरवं पाणी आतून सगळीकडे लागतं, मग मांस वाचवायचं म्हणजे धावपळच. म्हणून शंभर टक्के खात्री नसेल तर ट्रिगर दाबू नका, हे नीतीचं म्हणून तर आहेच पण मटणाचं म्हणूनही आहे. आणि संध्याकाळी मारलेलं सापडलं नाही तर "सकाळी शोधू" हे फक्त खरोखर कडाक्याच्या थंडीत चालतं, नोव्हेंबरमधल्या हिल कंट्रीत (लानोकडच्या या डोंगराळ भागात) टॉर्च घेऊन रात्रीच शोधायचं. सकाळी फुगलेलं सापडलं तर मी ते खात नाही, कितीही जीवावर आलं तरी.

पडलेलं सापडलं की पहिलं काम टॅग, म्हणजे लायसन्सबरोबर मिळणारी चिठ्ठी. टॅग लगेच लावायचा असतो, नर-मादीचा पुरावाही घरापर्यंत सोबत लागतो म्हणून डोकं फेकून देऊ नका (त्याचं अजून एक काम आहे, पुढे सांगतो). रस्त्यात किती तुकडे केलेले चालतात याचे नियम दरवर्षी थोडे हलतात, टेक्सस पार्क्स अँड वाइल्डलाइफच्या ॲपवर शिकारीला जाणार त्या काउंटीचं बघून निघा.

मग एक फोटो. एकच. मग हातमोजे. लांब बाह्यांचे प्लास्टिकचे मिळतात त्याच्यावर साधे नायट्राइलचे. मागच्या पायाला मधल्या, मागे वाकलेल्या सांध्याच्या आतल्या बाजूला काळपट केसांचा एक चिकट पुंजका दिसेल, नराला जास्तच, ती वासाची ग्रंथी, तिला हात लावू नका आणि लागला तर मोजा बदला, त्याच हाताने मांस धरलंत की मग बायको पातेलं पॅटिओवर ठेवणारच.

पाठीवर उताणं करा, डोकं चढाच्या बाजूला. आधी गुदद्वाराभोवती गोल सुरी फिरवून ते सुटं करा आणि दोरीने बांधून टाका, म्हणजे आतडी ओढताना लेंड्या आत सांडत नाहीत. मग छातीच्या हाडाच्या खालपासून पोटाची कातडी कापायची, पण सुरीची धार वर, आकाशाकडे, आणि पात्याच्या दोन्ही बाजूला डाव्या हाताची दोन बोटं आत घालून कातडी उचलून धरायची, म्हणजे टोक कोठ्याला लागत नाही. नवीन माणसाचं नव्वद टक्के नुकसान याच एका रेघेत होतं, दमाने घ्या. पुढे छाती आणि पोट यांच्यामधला पडदा कडेकडेने कापा, हात वर गळ्यापर्यंत घालून श्वासनलिका जितकी वर जमेल तितकी कापा आणि सगळं एका दमात खाली ओढा, घसरत बाहेर येतं. श्वासनलिका आत ठेवू नका, ती फार पटकन सडते. मूत्राशय छोट्या फुग्यासारखं असतं, ते चिमटीत धरून वेगळं काढा.

आतलं बाहेर आलं की दोन मिनिटं नीट बघा, खाटीक बघतो तसं. कलेजी एकसारखी तपकिरी-लाल आणि गुळगुळीत पाहिजे, पांढरे-पिवळे ठिपके, गाठी, पू, हिरवट पाणी असं काही दिसलं तर कलेजी सोडाच, अख्ख्या हरणाबद्दल गेम वॉर्डनला (शिकारीचे नियम बघणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याला) विचारा. कधीकधी डोकं सोडवताना घशात-नाकात जाड अळ्या वळवळताना दिसतात, पहिल्यांदा बघितल्यावर मी तर जेवलो नव्हतो, पण त्या एका माशीच्या अळ्या असतात, तिथंच राहतात, मांसाला त्यांचं काही नाही.

आता पाणी. आईला मी व्हिडिओ कॉलवर दाखवत होतो तर तिचा एकच प्रश्न, धुतलंस का. नाही धुतलं गं. तळ्याचं, ओढ्याचं पाणी तर अजिबात नाही, त्यातले जंतू अजून वर. स्वच्छ पाण्यानेसुद्धा ओलं ठेवलेलं मांस लवकर बुळबुळीत होतं, कारण जंतूंना ओल लागते, आणि पोटातली घाण एका जागी असते ती पाण्याने सगळीकडे पसरते. मी पेपर टॉवेलचे दोन रोल ठेवतो, रक्त पुसायचं, केस उचलायचे, आणि जिथं कोठ्याचं पाणी लागलंय तो भाग सुरीने सरळ तासून फेकून द्यायचा. अगदीच पोट फुटून सगळं भरलं असेल तर पिण्याच्या पाण्याने पटकन धुवा पण मग लगेच पुसून खडखडीत कोरडं करा. वरून कोरडं झालेलं मांस म्हणजे राखलेलं मांस, त्याच्यावर जी पातळ कडक साय येते ती चांगली, कापताना काढून टाकायची.

गरम हवेत कातडं लगेच काढायचं, टांगून, अर्ध्या तासाचं काम. थंड प्रदेशात, विस्कॉन्सिन वगैरेकडे, लोक कातड्यासकट दिवसेंदिवस टांगतात, त्यांचं बघून इथे करू नका, मी त्याचीच फी भरलीय. कातडं कापताना सुरी आतून बाहेर, केसांवरून आत नाही, नाहीतर कापलेले केस मांसाला चिकटतात आणि ते निवडत बसणं म्हणजे तांदळातले खडे. रांचवर टांगायला जागा नसेल तर निदान छाती काठीने फाकवून ठेवा, सावलीत, आणि पोटात बर्फाच्या दोन बंद पिशव्या. बंद, म्हणजे वितळलेलं पाणी आत सांडायला नको. माशा असतील तर सुती गेम बॅग, जुनी मलमलची साडीसुद्धा चालते, हवा जायला हवी. कचऱ्याची काळी पिशवी नाही, एक तर उष्णता कोंडते आणि दुसरं म्हणजे तिला वासाचं-औषधाचं काय काय लावलेलं असतं, ती अन्नासाठी नसतेच.

मग चार भाग: दोन खांदे, दोन फरे, आणि पाठीवरचे दोन लांब पट्टे ज्याला इथे बॅकस्ट्रॅप म्हणतात, आतले छोटे टेंडरलॉइन ते तर तिथंच. तुकडे केले की थंडी चारही बाजूंनी लागते, अख्ख्या धडापेक्षा कितीतरी लवकर गार होतं. गोळीच्या जखमेभोवतीचं जांभळं रक्ताळलेलं मांस सढळ हाताने काढून टाका, ते सगळ्यात आधी नासतं, आणि शिशाची गोळी असेल तर तिचे बारीक कण डोळ्यांना दिसत नाहीत पण जखमेपासून बरेच लांब गेलेले असतात. घरात लहान मुलं किंवा गरोदर बाई असेल तर सरळ तांब्याची गोळी वापरा, मी बदललीय.

चार तासांचा रस्ता कूलरवर काढायचा. मोठी चूक म्हणजे कूलरमधे बर्फ ओतायचा, त्यात मांस टाकायचं आणि झाकण लावायचं. दोन तासांनी ते सगळं गुलाबी पाण्यात पोहत असतं, पांढरं पडतं, स्पंजासारखं होतं, आणि एका फऱ्याला घाण लागली असेल तर तीच आंघोळ बाकी सगळ्यांना. मी असं करतो: घरून निघताना दुधाचे रिकामे गॅलन पाणी भरून गोठवलेले असतात, ते तळाला, त्यावर ओव्हनची जुनी जाळी, जाळीवर मांस, आणि वर बर्फ पिशवीतच. खालचं बूच उघडं आणि कूलर जरासा तिरका म्हणजे पाणी निघून जातं. बर्फ वाटतो त्याच्यापेक्षा जास्त लागतो, कारण पहिला बर्फ मांसाची गरमी मारण्यातच संपतो. हिल कंट्रीतली हरणं लहानच, मादी ४५ किलो जिवंत असेल तर हाड काढून हातात १६-१८ किलो येतं, तेवढ्याला मी ३५ किलोच्या आसपास बर्फ धरतो आणि अर्ध्या रस्त्यात थांबून एकदा बघतो.

घरी आलात, आता मोह होणार की आज रात्रीच रस्सा. कलेजी करा, ती ताजीच चांगली, भरपूर कांद्यात. बाकीचं थांबवा. जनावर गेल्यावर अंग ताठरतं, त्या ताठरलेल्या अवस्थेत शिजवलं तर कुकर दमतो पण मांस दमत नाही, आणि त्याच्या आधीच फ्रीझरमधे टाकलं तर वितळल्यावर चामडं. निदान एक दिवस, आणि जमलं तर चार-पाच दिवस १ ते ३ डिग्रीला ठेवा, मांस आपोआप मऊ पडतं. माझ्याकडे गराजमधे जुना फ्रिज आहे त्यासाठीच, ट्रेवर जाळी, त्यावर फरे, झाकायचं नाही. दुसरा फ्रिज नसेल तर तोच कूलर, रोज बर्फ बदलून, बूच उघडं. पण हे लाड चांगल्या हरणाचे. पोटात गोळी लागलेलं, उशिरा सापडलेलं, किंवा वाटेत गरम झालेलं असेल तर मुरवत बसू नका, एक दिवसात कापा आणि गोठवा. कोवळ्या हरणालाही इतके दिवस लागत नाहीत.

आता वासाचं. बोकडाची चरबी आपल्याला आवडते, रश्श्यावर तवंग त्याचाच. हरणाची चरबी वेगळी, मेणासारखी, थंड झाली की टाळूला चिकटते, आणि फ्रीझरमधेसुद्धा हळूहळू खवट होत राहते. ती सगळी काढायची, पांढरी चकचकीत पापुद्र्याची झिल्ली काढायची, गाठी काढायच्या. तुमच्या मित्राने बहुधा यातलं काही न करता हाडं करवतीने कापून चरबीसकट पॅक केलं असणार. आंबूस किंवा गोडसर कुजका वास आणि हाताला चिकट बुळबुळ असेल तर ते उग्र नाही, खराब आहे, लिंबू-दही-मसाल्याने ते झाकायला जाऊ नका.

करवतीवरून आठवलं. नळी आणि भेजा, हे दोन शब्द विसरा. इथे हरणांमधे क्रॉनिक वेस्टिंग डिसीज नावाचा आजार आहे, १९६७ मधे कोलोराडोत पहिल्यांदा दिसला, टेक्ससमधे २०१२ मधे सापडला. तो जंतू नाही, बिघडलेलं प्रथिन आहे, त्यामुळे कुकरच्या दहा शिट्ट्या काढल्या तरी मरत नाही, फ्रीझरनेही नाही. माणसाला झाल्याची खात्रीशीर केस आजवर नाही, पण आजारी निघालेलं हरीण खाऊ नका असंच सीडीसी (इथली सरकारी आरोग्य संस्था) सांगते आणि मीही तेच करतो. तो मेंदू, मणका, डोळे, प्लीहा, गाठी यांच्यात जास्त असतो, म्हणून मणक्यातून करवत घालायचीच नाही, मांस हाडावरून सोडवून घ्यायचं. सासऱ्यांना हे पटवायला मला दोन वर्षं लागली, त्यांचं म्हणणं हाडाशिवाय रस्सा म्हणजे भाजीच. हाडासाठी बोकडाच्या चार नळ्या वेगळ्या आणून टाकतो, भांडण मिटलं. डोकं ठेवायला सांगितलं ते तपासणीसाठी, त्यातल्या घशाजवळच्या गाठी काढून लॅबमधे जातात, निकाल येईपर्यंत त्या हरणाच्या पाकिटांवर तारीख टाकून फ्रीझरमधे वेगळी ठेवा. हाडं-कातडं कुठंही रानात टाकू नका, डबल पिशवीत घालून कचऱ्याच्या गाडीत, किंवा त्याच रांचवर मालकाला विचारून.

पॅकिंगला व्हॅक्यूम सीलर घेतलात तर दोन सीझनमधे पैसे वसूल, नसेल तर आधी क्लिंग रॅप हवा दाबून काढत, वर फ्रीझर पेपर. उणे १८ डिग्रीला तुकडे नऊ-दहा महिने छान राहतात, खिमा तीन-चार महिन्यांत संपवा. आणि सगळं एकदम फ्रीझरमधे कोंबू नका, एका दिवसात प्रत्येक घनफुटाला दोन-तीन पौंड एवढंच, नाहीतर मधली पाकिटं दोन दिवस नुसती गार राहतात, गोठत नाहीत. वितळवायचं खालच्या फ्रिजमधे, ओट्यावर नाही. खिमा ७१ डिग्रीपर्यंत शिजलाच पाहिजे, आपल्या पद्धतीने शिजतोच, बर्गर करणाऱ्यांनी लक्ष द्यावं.

जर्की, म्हणजे मांसाच्या वाळवलेल्या पट्ट्या, करणार असाल तर एक. गावाकडे चान्या करायचे, मीठ-हळद लावून कडक उन्हात. इथल्या डिहायड्रेटरमधे मांस वाळतं पण जंतू मरण्याइतकं गरम होत नाही, १९९५ मधे ओरेगनमधे घरच्या हरणाच्या जर्कीतून ई. कोलायची लागण झाली होती. आधी पट्ट्या ७१ डिग्रीपर्यंत गरम करायच्या, मग वाळवायच्या. रानडुक्कर मारलंत तर हातमोजे दुप्पट, हाताला कापलेलं असेल तर दुसऱ्याला सोलू द्या, ब्रुसेलोसिस हा जंतूंचा आजार त्या रक्तातून होतो, आणि ते मांसही ७१ च्या खाली नाही, गोठवून जंत मरतील या भरवशावर राहू नका.

प्रोसेसरकडे (पैसे घेऊन हरीण कापून पॅक करून देणाऱ्याकडे) द्यायचं असेल तर आत जाऊन विचारा की माझंच हरीण मला परत मिळणार का, काहीजण खिमा आणि सॉसेजसाठी चारपाच लोकांचं एकत्र करतात, मग तुम्ही एवढी काळजी घेतलेली कुणाच्या तरी झाडाला रात्रभर टांगलेल्या हरणात मिसळून जाते.

आणि बर्फ डॅलसवरूनच भरून न्या. ओपनिंगच्या शनिवारी लानोच्या रस्त्यावर दुपारी एकला गॅस स्टेशनच्या बर्फाच्या पेट्या रिकाम्या बघितल्यात मी, दोनदा.